चुकीची शाबासकी

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. तरी माझं छान चाललं आहे. तसं ते नेहमीच नव्हतं.

इंदूरच्या एका ऑफिसात अनीश नावाच्या इंजिनिअरने माझ्यात डायलिसिसच्या रुग्णांसाठी अ‍ॅप घातलं. रंग सुंदर, अक्षरं टपोरी! ऑफिसने तोंडभरून कौतुक केलं आणि मीही फुगलो. एखाद्या रुग्णाला विचारावं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

चाचणीसाठी मी इंदूरच्याच छत्रीबाग भागात गजाननरावांकडे गेलो. त्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. दिवसाला एक लिटर पाणी, त्यावर घोटभरही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला हे कुठे ठाऊक! मी आपला पाण्याच्या प्रत्येक ग्लासाला टाळ्या वाजवायचो. आठव्या ग्लासाला तर पडद्यावर फुलं उधळली. यंत्राला जास्त कळत असेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. दोनच दिवसांत त्यांचे पाय सुजले, श्वास पुरेना, आणि त्यांना तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते वाचले. पुढच्या रविवारी त्यांच्या पत्नी भानुमतीबाई मला घेऊन रुग्णांच्या गटाच्या बैठकीला गेल्या. अनीशलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

"अनीशजी, हा शाबासकी कशाची देतो? यांची तर जान जाणार होती!"

अनीशचा चेहरा उतरला. "चूक माझीच, काकू. आता कसं करू?"

नऊ वर्षं डायलिसिसवर असलेल्या वसुंधराताईंनी पिशवीतून बाटली काढली. "देखो भिया, दिवसभराचं पाणी सकाळीच हिच्यात भरायचं. चहा घेतला, की तेवढंच पाणी हिच्यातून ओतून द्यायचं. बाटली खाली झाली, की आजचा कोटा खतम. इतकं सिंपल आहे."

अनीश दर रविवारी येऊ लागला. माझे ग्लास गेले आणि हळूहळू रिकामी होणारी बाटली आली. 'द्रवपदार्थ' हा शब्द गटाने खोडला, तिथे चहा, ताक, वरण आलं. आता नवे रुग्ण माझ्यावर शिकतात, आणि त्यांना शिकवतात खुद्द गजाननराव! माझं भाग्यच म्हणायचं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काच पुसा, आम्हाला जपा. पण कुणासाठी काही बनवाल, तेव्हा आधी त्याच्याशेजारी बसून त्याला विचारा. आमची चूक आम्हाला कधीच सोसावी लागत नाही. ती माणसालाच सोसावी लागते.