बिनडागाची बायको

चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात फोटोवाल्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. साठीचं गिऱ्हाईक आत यायचं आणि फोटोत पंचेचाळिशीचं होऊन बाहेर पडायचं. पासपोर्टच्या खिडकीवरचा साहेब एकदा वैतागून म्हणाला होता, "अहो, माणूस ओळखू तरी येऊ द्या!" फोटोवाल्याला ती शाबासकी वाटली.

दुकानाची खरी जाहिरात म्हणजे भिंतीवरची बायको. दर वाढदिवसाला तिचा एक फोटो, असे एकतीस. वर्षं सरली तसा चष्मा आला, केस पिकले, गाल मात्र जसेच्या तसे. "वहिनी कुठलं क्रीम लावतात हो?" असं कुणी विचारलं की फोटोवाला भाव खात हसायचा. वहिनी काहीच लावत नव्हत्या. त्या दर्शनी काचेला लागून, डावा गाल उन्हाकडे करून, दिवसभर गिऱ्हाइकांची नावं लिहून घेत बसायच्या. खुर्ची तिथे त्यानेच ठेवली होती. तिथे उजेड छान पडतो म्हणे.

यंदा एका डागाला खाज सुटली आणि बायको हट्टाने त्वचेच्या डॉक्टरांकडे निघाली. "वयाचे डाग ते, सगळ्यांनाच येतात. मी आहे ना पुसायला!" असं म्हणत तो मागोमाग गेला.

"वयाचे म्हणतात, पण काम उन्हाचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं खाल्लेलं ऊन कातडी विसरत नाही. मग असा रंग साचतो."

"पण मी काचेआड बसते की."

"काच सगळे किरण अडवत नाही. म्हणून तर डाव्या गालावर दहा आणि उजव्यावर तीन. खुर्ची हलवा, पडदा लावा, रोज सकाळी सनस्क्रीन, बाहेर पडताना छत्री. पुढचे टळतील."

खुर्ची भलत्याच कुणीतरी ठेवल्यासारखी फोटोवाल्याने मान डोलावली.

मग बाईंनी खाजणाऱ्या डागावर भिंग धरलं. "हा वेगळा आहे. कडा वेड्यावाकड्या, रंगही दोन-तीन. वर्षानुवर्षं असाच असेल तर एक वेळ ठीक, वाढत असेल तर काळजी करायला हवी. जुने फोटो आहेत का?"

"आहेत का? एकतीस आहेत!" फोटोवाल्याची छाती फुगली. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. धापा टाकत तो शेवटच्या पाच फ्रेमा काखोटीला मारून घेऊन आला.

बाईंनी एकेक फ्रेम खिडकीपाशी नेऊन पाहिली. "यात एकही डाग नाही."

"नाहीच!" तो सवयीने म्हणाला, आणि मग स्वतःच फ्रेमवर वाकून बघू लागला.

"मूळ फोटो?"

"डिलीट करतो. उगाच जागा अडवतात." उभ्या आयुष्यात त्याला आपल्या कामाची पहिल्यांदाच लाज वाटली.

बायकोला हसू आलं. "बघा डॉक्टर, एवढे फोटो काढले, आणि दाखवायला माझा एकही नाही."

"मग आठवून सांगा," बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हीच पुसलाय तो. किती होता?"

त्याने डोळे मिटले. आकार काही केल्या आठवेना. त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता. पण बोट आपोआप गुडघ्यावर टकटक करू लागलं, माऊसवर करतं तसं.

"तीन वर्षांपूर्वी दोन क्लिकमध्ये जायचा," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी पाच लागले. यंदा नऊ."

बाईंनी पेन उचललं. "तुकडा आजच काढू आणि तपासायला पाठवू."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "नऊ लागले, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात," फोटोवाला म्हणाला. "गेला होता ना तो."