कपाळावरचं टोक

भिलाईच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं पोलादाच्या प्लेटा तपासल्या. गरम प्लेट थंड झाली की वर काळी पपडी बसते, ती खरवडल्याशिवाय खालची भेग दिसत नाही. न खरवडता माल पास करणाऱ्या कित्येकांना मी चारचौघांत फाडून खाल्लंय. मारोतराव, म्हणजे मी, येताना दिसलो की लोक आधी ब्रश शोधायचे.

रिटायर झालो आणि रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांचं वेड लागलं. भिलाईजवळच्या रसमड्यात एका फॅक्टरीच्या गेटजवळ वाळूच्या रंगाचा एक सापडला. पुस्तकाशी ताडून पाहिला, तर हा थेट वाळवंटातल्या कुळाचा! त्या कुळाची पक्की खूण म्हणजे कपाळावरचं कडक टोक. जमिनीतल्या कोशातून निघाला की पतंग त्या टोकाने वाळलेली माती फोडून वर येतो. पण ते खवल्यांखाली झाकलेलं असतं, खवले झाडूनच बघावं लागतं. हे सगळं मी वाचलं होतं, तरी नुसत्या रंगावर भागवलं.

या शोधाबद्दल आमच्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. मी भाषण ठोकत होतो, तेवढ्यात माझी नात अपेक्षा उभी राहिली. बीएस्सीला आहे.

"आबाजी, कपाळ साफ करून पाहिलं का?"

"कालची पोर तू, अन् मले शिकवून राहिली? बस खाली!"

मीच आधी हसलो, मागोमाग सभागृह हसलं. ती बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी बारीक ब्रश घेतला आणि पतंगाचे खवले झाडले. भिंगातून पाहिलं. कपाळ गुळगुळीत, टोकाचा पत्ता नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच तिच्या खोलीत गेलो. टेबलावर कॉलेजची प्रोजेक्ट फाइल उघडी होती, उद्या जमा करायची. त्यात माझ्या पतंगाचा फोटो आणि खाली तिच्या अक्षरात वाळवंटी कुळाचं नाव.

"हे कावून लिहिलं? तुले तर शंका होती ना?"

"तुम्ही सगळ्यांसमोर रागावले. मग मले वाटलं, मीच गलत असन."

मी तिथेच उभं राहून मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. रविवारी सभा बोलवा, शाल परत आणतो, म्हणालो.

अपेक्षाने माझा हात धरला. "छोड़ो ना, आबाजी. लोक हसतील तुमच्यावर."

"हसू दे. तुह्यावर हसले, तवा सगळ्यात पयले मीच हसलो होतो."