हनुवटीवरची खूण

आईने लसणीच्या चार पाकळ्या बत्त्याने ठेचल्या, त्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला आणि मुलीची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली.

"हलू नकोस."

"झोंबतंय."

"अजून लावलंसुद्धा नाही."

"वासानंच झोंबतंय."

"वास बरा तुझ्या तोंडापेक्षा," आई म्हणाली. दुसरे कोणी हे बोलले असते तर आईने त्याला दारात उभे केले नसते. पण आपल्या माणसाला बोलण्याचा हक्क असतो, असे तिला मनापासून वाटे.

ओट्यावर सगळे मांडून ठेवले होते: पिळलेली लिंबाची फोड, मधाची बाटली, वाटीत जाडे मीठ, मधोमध चिरून उघडलेली टूथपेस्टची ट्यूब. दीड वर्ष मुलगी रोज संध्याकाळी या स्टुलावर बसत होती. आधी लिंबू झाले. मग मीठ चोळून झाले. मग प्रत्येक फोडावर टूथपेस्टचा ठिपका देऊन झाला आणि ती ठिपक्यांनिशी अभ्यासाला बसू लागली. मुरमे जात, आणि जाताना शेजारी दोन ठेवून जात. आई मात्र हटली नव्हती. डॉक्टर कशाला, ती म्हणायची, चेहऱ्यांतलं मला कळत नाही का?

चेहऱ्यांतले तिला कळायचे, हे खरे. स्टुडिओत ती वीस वर्षे संगणकावर फोटो साफ करत होती. नवरदेवांच्या गालांवरचे खड्डे, वकिलांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे, निवृत्त होणाऱ्या मास्तरांच्या कपाळावरचे वांग, सगळे तिच्या हाताखालून गेले होते. स्टुडिओत तिला 'पुसणाऱ्या ताई' म्हणत. माणूस फोटो घ्यायला यायचा, स्वतःला ओळखायचा आणि थोडा ताठ होऊन जायचा. आणि अशा बाईची मुलगी एकदा डबा द्यायला स्टुडिओत आली, तेव्हा एक गिऱ्हाईक सहज म्हणाले होते, "ही तुमची? अगबाई." तेवढेच. त्या दिवसापासून मुलीने डबा आणायचा नाही, असे ठरले.

आईने लसणीचा गोळा हनुवटीवरच्या सर्वांत मोठ्या फोडावर दाबून बसवला आणि वरून चिकटपट्टी लावली.

"दोन तास."

"दोन?"

"सोमवारी तुझी कागदपत्रं तपासायची आहेत. चार माणसांत जायचंय. हे घेऊन जाणार आहेस?"

परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या यादीत मुलीचे नाव लागले होते. कॉलेज रेल्वेने नऊ तासांवर होते आणि राहायला वसतिगृह होते. मुलीने फॉर्म भरला तेव्हा आई काही बोलली नव्हती. नाव लागले तेव्हाही नाही. फक्त त्या आठवड्यात तिने औषधे वाढवली.

"आजारी माणूस तुला बघून उठून बसेल, की जास्तच आजारी पडेल?" ती म्हणाली.

"मी डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्यांचा वॉर्ड मागून घेईन."

आईला हसू आले, ते तिने दाबले. समोर बसून ती तांदूळ निवडू लागली. वीस मिनिटांनी मुलगी म्हणाली, जळतंय. आई म्हणाली, जळतंय म्हणजे लागू पडतंय. अर्ध्या तासाने मुलीचा हात आपोआप वर गेला. आईने ताटातून नजर न उचलता सांगितले, "हात खाली." मुलीने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली. डोळ्यांतून पाणी येत होते, पण ते लसणीनेही येते, म्हणून कोणी त्याबद्दल बोलले नाही.

चिकटपट्टी निघाली तेव्हा खालची कातडी पांढरी पडली होती. रात्रीपर्यंत तिथे टपोरा फोड आला, शनिवारी तो फुटला आणि सोमवारी सकाळी हनुवटीवर नाण्याएवढी काळी खपली होती.

"खपली धरली," आई मान तिरकी करून म्हणाली. "म्हणजे आतलं सगळं निघालं."

शहरातल्याच प्रवेश केंद्रावरची कागदपत्रांची खिडकी दुपारी एकला बंद होणार होती आणि तोच शेवटचा दिवस होता. बारा वाजून गेले तेव्हा त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फॉर्मवरचा फोटो पाहिला, मुलीकडे पाहिले आणि पुन्हा फोटो पाहिला.

"जिचा फॉर्म आहे तिला पुढे पाठवा."

"माझाच आहे," मुलगी म्हणाली.

"तुझा?" त्याने फोटो तिच्या तोंडाशेजारी धरला. "ही धाकटी बहीण का?"

रांगेत मागे कोणीतरी म्हणाले, "त्या फोटोवाल्याचा पत्ता आम्हालाही द्या." चार जण हसले. मुलीने मागे वळून पाहिले नाही.

"फोटो मी साफ केलाय," आई म्हणाली. "माझं कामच आहे ते. सगळेच करून घेतात."

"लग्नाला करून घेतात, बाई. इथे आम्हाला माणूस ओळखायचा असतो." पण तो मनुष्य वाईट नव्हता. संगणकावर बसवलेला वाटोळा कॅमेरा त्याने मुलीकडे वळवला. "बघ इकडे. हसायचं नाही."

फोटो पडद्यावर आला. आईला तो खिडकीच्या काचेतून तिरका दिसत होता. कपाळावर सतरा-अठरा मुरमे, डाव्या गालावर जुने डाग, हनुवटीवर ती खपली. फळीवर टेकलेले तिचे बोट आपोआप हलू लागले, एकेका ठिकाणी टेकत, उचलत. लक्षात आल्यावर तिने मूठ मिटली.

"हा लावतो फॉर्मला," कारकून म्हणाला. "आता खूण. 'ओळखीची खूण: हनुवटीवर तीळ.' जुन्या फोटोत तीळ नाही."

आईने फोटो पाहिला. खरेच नव्हता. चेहऱ्यावर काळे दिसले की हात चाले, वीस वर्षांची सवय. मुरमे पुसताना तीळही गेला होता आणि तिच्या ते ध्यानातही आले नव्हते.

"चुकून पुसला गेला. तीळ आहे तिला. जन्मापासून आहे."

"कुठाय?"

"खपलीखाली."

"अहो बाई, फोटोत नाही, तोंडावर नाही. खपलीखाली आहे असं लिहू का मी?"

मुलीने हात वर नेला. आई म्हणाली, "हात लावू नकोस." मुलीने खपलीच्या कडेखाली नख सारले आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत ती सावकाश सोलून काढली, जसे पाकिटावरचे तिकीट काढतात. रक्त आले. तिने ते रुमालाने टिपले, हनुवटी पुढे केली आणि कारकुनापुढे धरून ठेवली.

कारकुनाने आधी तोंड फिरवले. मग नाइलाजाने वाकून पाहिले.

"नाही दिसत."

आईही वाकली. संगणकापुढे वाकायची तशी, नाक टेकेल इतकी जवळ. ओली, गुलाबी, चकाकणारी कातडी. तीळ नव्हता. चिकटपट्टी लावण्याआधी तो होता का, तेही तिला आठवेना. ती फक्त फोड पाहत आली होती.

रांगेतले हसणे थांबले होते. भिंतीवरच्या घड्याळात एकला अकरा मिनिटे कमी होती.

"खूण बदलता येते का?" मुलीने विचारले.

"येते. पालकांनी जुनी खोडायची, नवी लिहायची, शेजारी सही. दुसरं काही आहे अंगावर? हातावर, पायावर?"

"नाही. लिहा, हनुवटीवर भाजल्याचा व्रण."

कारकुनाने फॉर्म आणि पेन खिडकीतून आईपुढे सरकवले.

"पण कायमची खूण लागते हं. येणारी-जाणारी नाही चालत. मागे एकानं नायटा लिहिला होता, मला वरून बोलणी खावी लागली. हा राहणारा आहे ना?"

प्रश्न आईला होता. आईच्या ओठांवर उत्तर आले, ते दीड वर्ष रोज येत होते: जाईल तो, काही राहत नाही. मुलींचं असतंच असं. हे खोटेही नव्हते, म्हणजे खोटे आहे असे तिला वाटत नव्हते. आणि हे म्हटले असते तर फॉर्म शिक्क्याविना परत मिळाला असता. यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावले असते, आणि संध्याकाळी घरी परतून दोघींनी काहीतरी खाल्ले असते.

तिने मुलीकडे पाहिले. मुलगी तिच्याकडे पाहत नव्हती. ती रुमालाची घडी उलटी करून कोरडी बाजू शोधत होती.

"बाई?"

"राहील," आई म्हणाली.

"नक्की?"

"वीस वर्षं चेहरेच बघतेय. हा जात नाही."

तिने 'तीळ'वर रेघ मारली. 'भाजल्याचा व्रण' हे तिने सुबक अक्षरांत लिहिले, कारण वेडेवाकडे लिहिणे तिला जमतच नसे, आणि शेजारी सही केली. मुलीने फॉर्म तिच्या हातून घेतला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि कारकुनाला दिला. कारकुनाने शिक्का मारून तो परत केला.

"आता तीन नंबरची खिडकी. वसतिगृहाची."

आईने पर्स खांद्याला लावली आणि तीही निघाली. दोन पावलांवर मुलगी थांबली. आवाज न चढवता, जशी रोज स्टुलावर बसायची तशी शांतपणे म्हणाली,

"तू बाहेर बस. तिथे सही माझीच लागते."