बोलणं चालू असताना

जोवेलिनने मनगटावरचा पट्टा घट्ट केला आणि त्याच्या तारेचा चिमटा राउटरच्या कपाटाच्या उघड्या लोखंडाला लावला. अंगातली वीज जमिनीत गेल्याशिवाय राउटरला हात लावायचा नाही, हा नियम. मग ती हळूच म्हणाली, "ताबी."

वारुळाजवळून, जुन्या झाडाखालून जाताना न दिसणाऱ्या मंडळींना म्हणतात तसं. जरा सरका, मी आलेय.

"यंत्रात कसली गं भुतं, इंदाय पोरी?" पडद्यासमोर बसलेले तिचे वयाने मोठे सहकारी नोंग क्रिसांतो हसले. "आवर लवकर. माझी बिबिंका गार होतेय."

"मागच्या वेळी तुम्ही 'ताबी' न म्हणताच हात घातलात, नोंग. अख्खं गाव मुकं झालं."

नोंगनी तोंड त्या तांदळाच्या केकच्या पुडीकडे वळवलं.

माआसिन गावातलं निम्मं बोलणं टेलिफोन केंद्रातल्या या राउटरच्या दुसऱ्या कार्डातून जात होतं, आणि ते कार्ड आजारी होतं. राउटर चालू ठेवूनच ते बदलायचं होतं. दुपार कलली होती, बाहेर समुद्रसुद्धा पेंगत असावा. या थंडगार खोलीत पंख्यांची एकसुरी घरघर ऐकत राहिलं की जोवेलिनला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि डोक्यावरून लोकांच्या गप्पा वाहत चालल्या आहेत. अशा वेळी तिला वर यावंसंच वाटत नसे.

खिशात फोन थरथरला. धाकट्या बहिणीचा, लिवायचा निरोप होता: रेनाटचा व्हिडिओ कॉल आलाय. नानायने ओळखलं त्याला! हसतेय, बोलतेय.

जोवेलिनने तो पुन्हा वाचला. आईच्या, नानायच्या, मनातून माणसांची ओळख पुसत चालल्याला वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी जोवेलिन तिच्यासमोर बसून सांगायची, "मी जोवेलिन, तुझी थोरली." नानाय परक्या बाईकडे बघावं तशी, अगदी सभ्यपणे, मान हलवायची. जोवेलिनला त्याचा राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. आज भावाचं, रेनाटचं, जहाज बंदराला लागलं, त्याने फोन लावला आणि नानाय परत आली होती. कॉल तुटला, तर पुन्हा जोडेपर्यंत ती तिथे असेल याचा काय भरवसा? आणि घरची लाइन याच आजारी कार्डावर होती.

"नोंग, आधी सगळं शेजारच्या कार्डावर वळवा. सावकाश."

"वळवतोय गं बाई." थोडा वेळ नुसती बटणं वाजली. "झालं. कार्ड बंद करायचा हुकूमही दिला. ओढ."

कार्डावरचा दिवा अजून पिवळा होता.

"दिवा विझला नाही."

"विझेल! आता कुठे घोडं अडलं तुझं? आत्ता ओढलंस तरी बहुतेक वेळा काही होत नाही."

"आणि झालंच तर राउटर पहिल्यापासून सुरू होतो. मी थांबते."

कार्डाच्या दोन्ही खिट्ट्यांवर बोटं ठेवून ती थांबली. रिकाम्या होणाऱ्या त्या कार्डात कुणाचा तरी शब्द रेंगाळत असेल, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं. दिवा विझला. तिने दोन्ही खिट्ट्या एकदम उघडल्या आणि कार्ड सरळ बाहेर ओढलं. ते कोमट होतं. नवीन आत सरकलं, त्याचा दिवा लुकलुकून हिरवा झाला. पंख्यांचा सूर बदलला नाही. गावात कुणी मान वर करून पाहिलंही नसेल.

व्हरांड्यात येऊन तिने लिवायला फोन लावला.

"कॉल मध्येच तुटला का?"

"नाही. आत्ताच ठेवला त्याने. का गं?"

"सहज. रेनाटला ओळखलं ना तिने?"

लिवायने आवाज खाली आणला. "अगं, मला तसंच वाटलं आधी. पण तिला वाटत होतं, ताताय आहेत. 'तिनोय, कधी येतोस?' म्हणाली."

तातायना, जोवेलिनच्या वडिलांना, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती; नानाय त्यांना तिनोय म्हणायची.

"मग रेनाट काय म्हणाला?"

"नाव सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. पण तिचा चेहरा बघितला आणि म्हणाला, 'निघालोच आहे.' मग बोलत बसली दोघं, मध्ये कुठे खंड नाही."

जोवेलिन कठड्याला टेकली. तिला आधी रडू आलं, मग भावाचा हेवा वाटला.

"नानायकडे दे फोन."

"कोण?" नानायच्या आवाजात अजून हसू होतं. "कोण बोलतंय?"

रोजचं वाक्य सवयीने ओठांवर आलं. जोवेलिनने ते गिळलं.

"तूच सांग ना, नानाय," ती म्हणाली. "तुला कोण हवंय?"