पलंगात बंद केलेली गादी

मी गादी बोलतेय. मुलुंडला भाऊंच्या घरी असते.

भाऊंच्या लग्नात पिंजाऱ्याने विक्रोळीच्या चाळीत दारातच कापूस पिंजून मला शिवलं. रात्री मला अंथरायचं, सकाळी झटकून वळकटी करायची. मी कोपऱ्यात गेले की त्याच जागी जेवणं, अभ्यास, पाहुणे. एका खोलीत चार खोल्या मावायच्या.

मग फ्लॅट झाला, बॉक्सचा पलंग आला. "आता आपल्यात कोणी खाली झोपणार नाही," भाऊ म्हणाले आणि मला बॉक्समध्ये जुन्या मिक्सरशेजारी दाबलं. ज्या जमिनीवर भाऊ वाढले, तिचीच त्यांना लाज. सरळ सांगते.

त्यांच्या मुलाने, सुयोगने कॉलेज अर्धवट सोडलं, घरात टोमणे खाल्ले आणि शेवटी तो जपानला वृद्धांच्या सेवेच्या नोकरीवर गेला. थोड्याच दिवसांत त्याचा व्हिडिओ कॉल.

"आई, मी परत येतो. इथे जमिनीवर झोपायचं, जेवतानाही गुडघे दुमडून बसायचं. पायांना मुंग्या, कंबरेची वाट लागली. गादी अंथरलेलीच ठेवली तर खालून बुरशी धरली. घरमालकीण बोलत नाही काही, नुसती बघते."

"ये रे बाबा," पलंगावर बसलेल्या त्याच्या आई, वनमालाबाई म्हणाल्या.

"येतो कुठला? ऊठ गं, बॉक्स उघड," भाऊ म्हणाले.

मला ओढून फरशीवर टाकलं. भाऊ गुडघे धरत खाली बसले. "नीट बघ. सकाळी झटकायची. ऊन दाखवायचं. मग पायाकडून वळत यायचं, घट्ट."

"भाऊ, तुम्हाला हे येतं?"

"अर्धा जन्म गेला यात."

"मग मला का नाही शिकवलंत?"

भाऊ माझी दोरी बांधत राहिले.

सुयोग तिथेच राहिला. परवा त्याने खोली दाखवली. चटईची स्वच्छ, मोकळी जमीन आणि गादीला भिंतीतलं अख्खं कपाट. काय मान आहे यार. घरमालकीण पैसेवाली, म्हातारी, तीही खालीच झोपते आणि कोणी तिला गरीब म्हणत नाही. तिने चहा आणला. सुयोग गुडघ्यांवर बसला, मुंग्या आल्या तशी हळूच मांडी घातली. ती हसली आणि त्याच्यापुढे कप सरकवला.

मी आता बाहेर असते. दुपारी भाऊ माझ्यावर आडवे होतात. पण बेल वाजली की मला पलंगामागे ढकलतात.

भाऊ, पोरगा परक्या मुलखात जमिनीवर बसायला शिकला. तुम्ही स्वतःच्या घरात कोणाला घाबरता? पुढच्या वेळी बेल वाजली की मला राहू द्या अंथरलेली. दार उघडा आणि म्हणा, या, बसा.