द्वारकाबाईंच्या कोठीतला ‘ई’

वडीगोद्रीच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, तरंगनाथ महाराजांची गुहा आहे. आपल्याकडे डोंगर नाहीत म्हणून गुहा लोखंडी आहे. साखर कारखान्यात मळी साठवतात तसली जुनी टाकी महाराजांनी भंगारातून उचलली, तिला दार कापलं, आतून शेंदरी रंग मारला आणि दर गुरुवारी आसन मांडलं. गर्दी अशी की चहाच्या टपऱ्या आल्या, रस्ता अजून यायचा आहे.

“मोबाईल कपाळाला लावा,” महाराज सांगत. “डोळे मिटा. संसार सोडा, रेंज सोडा. आता बघा. वरच्या कोपऱ्यात काय आलं?”

बाहेर फोर जी दाखवणारा मोबाईल आत वेगळंच दाखवायचा.

“ई!” भक्त ओरडायचा.

“ई म्हंजे ईश्वर. प्रकट झाला!”

टाळ्यांनी टाकी घुमायची. कुणाला एच दिसला तर तो हरी. जी दिसला तर गुरू. एका बिचाऱ्याच्या मोबाईलवर काहीच आलं नाही. महाराजांनी त्याला मिठी मारली. “निर्गुण!” तो रडत बाहेर आला, आनंदाने. परीक्षेत कुणी नापासच होत नाही म्हटल्यावर गर्दी वाढणारच.

मी त्याच हायवेवर कॉम्प्युटरचे क्लास घेते. एक अक्षर माणसाला किती फिरवतं हे मला रोज दिसतं. ई म्हणजे कॉम्प्युटरमधला एक कप्पा, त्यात माझे विद्यार्थी लग्नाचे फोटो ठेवतात. एक्सेलमध्ये लांबलचक आकडा टाकला की मध्येच ई उगवतो, तो दहाचा घात. कॅल्क्युलेटरवर ई आला तर काहीतरी चुकलं समजायचं. आणि मोबाईलवरचा ई म्हणजे जुनं, रडतखडत चालणारं नेटवर्क. इतक्या अर्थांत आणखी एक ईश्वर मावला असता, माझी काही हरकत नव्हती.

हरकत निघाली ती शनिवारी. रेणू, माझी जुनी विद्यार्थिनी, क्लासच्या दारात उभी राहिली.

“मॅडम, आत्यानं सुई बंद केली. गुरुवारी गुहेत गेल्त्या. कालपासून उलट्या करून राह्यल्यात. दवाखान्यात चला म्हणलं तर न्हाई म्हणतात.”

तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, बरीच वर्षं इन्सुलिनवर आहेत. त्यांच्या मोबाईलवर ई आल्यावर महाराजांनी विचारलं होतं, “माय, देहात ईश्वर आला. ईश्वराला सुई टोचशील का?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गाडी काढली.

द्वारकाबाई बाजेवर पडून होत्या. ओठ कोरडे, श्वास जोरात. जीभ मात्र शाबूत होती.

“म्या माह्या डोळ्यानं पाह्यला ई. खोटा म्हणतीस का?”

“खरा आहे, मावशी. तुमच्या घरातसुद्धा दाखवते.”

कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी होती, अर्धी रिकामी. मी त्यांचा मोबाईल आत धरला, झाकण फटीपुरतं ठेवलं आणि थोडा वेळ थांबले. रेणूने आधार देऊन त्यांना उभं केलं. त्यांनी आत डोकावलं.

“ई!” कोठी घुमली. “रेणू, हळद-कुंकू आण! आपल्या घरी बी आला!”

मी कपाळावर हात मारून घेतला. टाकी असो की कोठी, धातूचा पत्रा मोबाईलच्या लहरी अडवतो. चांगलं नेटवर्क तुटलं की मोबाईल मिळेल ते जुनं धरतो. हे सगळं मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा कुंकू मागितलं.

तेवढ्यात माझं लक्ष ज्वारीकडे गेलं. वर कडुलिंबाचा वाळका पाला पसरला होता.

“मावशी, हा पाला काढून टाकू?”

“काऊन?”

“कोठीत ईश्वर आलाय ना. ज्वारी तो राखेल.”

“येडी का काय! पाला काढला तर भुंगा एक दाणा ठेवणार न्हाई. वर्षाची ज्वारी हाय ती!”

रेणू रडायलाच लागली. “मंग आत्या, ज्वारीला पाला पाह्यजे अन् तुम्हाला सुई नको व्हय?”

द्वारकाबाईंनी एकदा पाल्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, “गाडी भाईर हाय का? चला जल्दी.”

अंबडला डॉक्टरांनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. “उद्यापर्यंत थांबला असता तर...” एवढंच ते म्हणाले.

बऱ्या झाल्यावर एका गुरुवारी द्वारकाबाई टेम्पोतून गुहेसमोर उतरल्या. सोबत रिकामी कोठी. त्यांनी रांगेतल्या लोकांना आपापले मोबाईल कोठीत धरायला लावले. ई. ई. एच. एक निर्गुण. हळूहळू रांग टाकीकडून कोठीकडे वळली.

महाराज बाहेर आले. “माय, ईश्वर चराचरात आहे. कोठीतही आहे.”

“बराबर हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “घरोघरी कोठ्या हायत. मंग तुमच्या टाकीचं काय काम?”

महाराजांनी आत जाऊन टाकीचं दार ओढून घेतलं. पुढच्या गुरुवारी टाकीला कुलूप होतं.

माझं सांगणं साधं आहे. चमत्कार दिसला की तो आपल्या घरात, आपल्या हाताने होतो का ते करून बघा. काहीही घडलं तरी जो देवच दाखवतो, त्याला विचारा: काय घडलं तर तुम्ही खोटे ठराल? आणि डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

द्वारकाबाई आता सकाळी आधी सुई घेतात. मग ज्वारी काढायला कोठी उघडतात आणि पाला आहे ना, ते बघतात.