शेंदूर लावलेला उंदीर

माझ्या भाचीच्या सासऱ्यांच्या, केरबांच्या, पत्र्याच्या शेडसमोर इतकी गर्दी होती, की मला त्यांच्या घराचा उंबरा दिसेना. बायका लेकरं कडेवर घेऊन पुढे घुसत होत्या, पुरुष मोबाइल डोक्यावर धरून उभे होते, ढोल घुमत होता आणि कापराच्या धुराने डोळे चुरचुरत होते. गणपतीचे दिवस होते खरे, पण हा मांडव गणपतीचा नव्हता.

"चपला काढा बाई. दर्शनालाच चाललायसा न्हवं?" एका फेटेवाल्याने मला अडवलं.

"कुणाच्या दर्शनाला?"

"उंदराच्या," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "लय जागृत हाय."

मी चपला काढल्या नाहीत. कराडच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि माझा स्वभाव पहिल्यापासूनच संशयी. ज्योतिषी 'मुलगाच होणार' म्हणाला, तर मी विचारते, चुकलास तर दक्षिणा परत देशील का? फळवाल्याने वरचे आंबे दाखवले, की माझा हात आधी पेटीच्या तळाशी जातो. तेव्हा जागृत उंदीर म्हटल्यावर मी पदर खोचला आणि कोपर मारत पुढे गेले.

माझी भाची मयूरी इस्लामपूरजवळच्या या गावात दिली आहे. नवरा जयराज सैन्यात, तो सीमेवर. सासरे केरबा दिवसभर उसात, सासू रंगुबाई घरात. मयूरी बी.एस्सी. झालेली. नुसतं बसून राहणं तिला जमेना, म्हणून तिने रीतसर परवाना काढून शेडमध्ये पांढरे उंदीर पाळले. औषधशास्त्राच्या कॉलेजांना आणि प्रयोगशाळांना ते लागतात. आधी गाव हसलं. मग कॉलेजची गाडी दारात येऊन उभी राहू लागली, तसं हसणं थांबलं. पुढे मयूरीला दिवस गेले आणि सासूने तिला शेडमध्ये पाऊल टाकायला बंदी केली. पोटुशीने उंदरांत जायचं नाही म्हणे! श्रावण लागताना पिंजरे रंगुबाईंच्या हाती गेले, आणि श्रावणातच आक्रीत घडलं. व्यायलेल्या उंदरिणी आपलीच पिल्लं खाऊ लागल्या.

"मावशी, तू ये," मयूरी फोनवर हळूच म्हणाली होती. "इथं एक बाबा येतायत."

ते बाबा, म्हणजे मूषकानंद महाराज, पाटावर मांडी घालून बसले होते. भगवी कफनी, कपाळभर शेंदूर आणि मनगटावर चकाकणारं स्मार्ट घड्याळ.

"मूषक म्हणजे कोण?" ते गरजले. "गजाननाच्या गाडीचा ड्रायव्हर! ड्रायव्हर रुसला तर गाडी हलंल का? अहो, अमेरिकेतले शास्त्रज्ञ नवं औषध काढतात, ते आधी कुणाला दाखवतात? राष्ट्रपतीला? नाही! मूषकाला! म्हणजे विज्ञानसुद्धा कुणाच्या चरणी? मूषकाच्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

पिंजऱ्यातले उंदीर रात्रीपासून उपाशी ठेवले होते. सकाळी बाबांनी त्यातला एक उंदीर 'दीक्षा' द्यायला स्वतःच्या टोपलीत घेतला होता आणि टोपलीवर भगवं फडकं टाकलं होतं. आता त्यांनी तो बाहेर काढला, त्याच्या डोक्याला शेंदूर लावला आणि परत पिंजऱ्यात सोडला. बाकीचे उंदीर त्याच्याभोवती जमून त्याचं तोंड हुंगू लागले.

"बघा, शिष्य गुरुमंत्र सांगतोय!" बाबा म्हणाले. "चला, आरत्या. पाचही झाल्या पाहिजेत. एकही गाळायची नाही!"

आरत्या झाल्या. बाबांनी हळूच घड्याळ पाहिलं आणि पिंजऱ्यात दोन वाडगी ठेवली. एकात कोंडीबाने, म्हणजे त्या फेटेवाल्याने, इस्लामपूरच्या दुकानातून आणलेलं खाद्य. दुसऱ्यात बाबांचा 'मूषकभोग', पुडीतली तपकिरी पूड. या उंदरांनी यातलं काहीच आजवर चाखलं नव्हतं. बाबांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. उंदीर दुकानी खाद्याजवळ गेले, मिशा हलवून मागे फिरले, आणि सगळेच्या सगळे मूषकभोगावर तुटून पडले.

"आरं देवा!" गर्दीतून आवाज उठला. कुणी हात जोडले, तर कुणी पुड्यांसाठी रेटारेटी सुरू केली.

बाबांनी हात वर केला. "आणि आई पिल्लू का खाते? घरातल्या गर्भिणीचा दोष! सूनबाईंनी बाळंत होईपर्यंत दूध, डाळ, अंडं, सगळं वर्ज्य करायचं. एक वेळ मूषकभोगाची पेज घ्यायची. गौरी गेल्यावर मी शुद्धीकरणाला येईन. नाहीतर जे पिंजऱ्यात झालं, तेच..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

मयूरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट पुढे आलेलं आणि गालफडं आत गेलेली. म्हणजे हा उपास आधीच सुरू झाला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

स्वयंपाकघरात मी माझ्या पिशवीतला डिंकाचा लाडू तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, आणि परत ठेवला.

"मला पटत नाही गं मावशी," ती म्हणाली. "पण आई लय घाबरल्यात. आणि खरं सांगू? पडल्या पडल्या मलाही वाटतं, चुकून खरं असलं तर?"

मी तिला रागावले नाही. पोटात जीव वाढत असताना भीतीला फार थोडी जागा पुरते.

मी राहायचं ठरवलं. एक गोष्ट मला खुपत होती. देवाला पाच आरत्यांची घाई नसेल, पण बाबांनी घड्याळ का पाहिलं? मंत्राला मुहूर्त लागतो, तो पंचांगात बघतात. आरत्या संपायला किती वेळ लागला, हे कशाला मोजायचं? मी शेडमध्ये गेले आणि शेंदूर लावलेला उंदीर उचलून नाकाशी धरला. त्याच्या तोंडाला दालचिनीचा वास येत होता.

मग डोक्यात प्रकाश पडला. उंदीर हा अगदी माझ्या स्वभावाचा प्राणी आहे. नवं खाद्य दिसलं, की त्याला आधी संशय येतो. ते खाऊन दुसरा उंदीर जिवंत आहे, हे त्याच्या तोंडाच्या वासावरून कळलं, की मगच तो त्याला तोंड लावतो. म्हणजे दीक्षा बिक्षा काही नव्हती, टोपलीत जेवण होतं! आणि पाच आरत्या म्हणजे बाकीच्या उंदरांना ते तोंड हुंगायला दिलेली सवड.

आता राहिली पिल्लं. मी रंगुबाईंपाशी बसले आणि त्यांच्याबरोबर शेंगा फोडू लागले.

"विहीणबाई, मयूरी उंदरांना काय घालायची हो?"

"जोंधळा, गहू, शेंगपेंड, आन वरनं सुकटीचा चुरा."

"आणि तुम्ही?"

"आवं, श्रावण होता न्हवं!" त्या माझ्याच अज्ञानाला हसल्या. "श्रावणात घरात सुकट कशी आणायची? गनपतीचं वाहन त्ये, त्येला बी श्रावण पाळला. पेंड जनावराची, म्हनून ती बी बंद केली. उपासाचा साबुदाणा घातला, केळं घातलं. बक्कळ घातलं बाई, हात आखडता घेतला न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. त्या मायेनेच सगळा घोळ केला होता. व्यायलेल्या उंदरिणीला श्रावण कसला? पण मी एवढं म्हटल्याबरोबर त्यांनी शेंगांचं सूप आपल्याकडे ओढलं.

"आसंल तुमचं शास्तर. मग सगळी बाबाच्याच वाडग्याकडं का पळाली, त्ये सांगा."

मी तेव्हा सांगितलं नाही. नुसतं सांगून त्यांना पटलं नसतं.

गौरी गेल्या आणि बाबा आले. आल्या आल्या त्यांनी एक उंदीर टोपलीत घेऊन वर फडकं टाकलं. पुन्हा ढोल, पुन्हा धूर. मयूरीला शुद्धीसाठी पाटावर बसवलं होतं. पुढ्यात मूषकभोगाची पेज, आणि सासूच्या भीतीने ती वाटीला हात लावणार, एवढ्यात मी पुढे झाले.

"महाराज, आधी मूषकाची साक्ष होऊ द्या. पण आज दीक्षा नको. नुसता मंत्र म्हणा."

"गुरूविना शिष्य तरतो का, माते?" बाबा गोड हसले. "व्हायब्रेशन कोण पोचवणार?"

"बरं. मग आज दीक्षा मी देते."

लोक हसले. मी एका वेगळ्या पिंजऱ्यातला उंदीर घेतला. त्या पिंजऱ्यातल्यांनी मूषकभोग कधी पाहिला नव्हता, आणि त्यांनाही रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. उंदीर स्वयंपाकघरात नेऊन मी त्याला हरभऱ्याच्या भरड्यात ओवा कुटून खाऊ घातला. डोक्याला शेंदराऐवजी चुलीतला कोळसा लावला आणि त्याला परत सोडलं. बाकीचे त्याचं तोंड हुंगू लागले.

"आता आरती!" कोंडीबाने टाळी वाजवली.

"आरती नाही. पाढे म्हणायचे. बेपासून सुरू करा, आणि एकही गाळायचा नाही."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण मी आयुष्यभर वर्ग सांभाळला आहे. सगळ्यांनी पाढे म्हटले. तेराच्या पाढ्याला निम्मे गळाले, सतरापाशी कोंडीबा एकटाच उरला आणि सतरा साते म्हणून आढ्याकडे बघत बसला. तोवर माझं काम झालं होतं. मी दोन वाडगी ठेवली, एकात बाबांचा मूषकभोग आणि दुसऱ्यात ओव्याचा भरडा. उंदीर मूषकभोगाजवळ गेले, मागे फिरले, आणि सगळे ओव्याच्या वाडग्यावर तुटून पडले.

ढोल थांबला. कोंडीबा पुढे वाकून वाडग्यात डोकावला.

"आयला! पाढ्याला बी पावतोय व्हय रं उंदीर?"

हशा उसळला. मी सगळ्यांना सांगितलं, यात माझा मंत्र नाही आणि बाबांचाही नाही. एका उंदराच्या तोंडाला ज्या खाद्याचा वास येतो, ते खाद्य बाकीचे बिनधास्त खातात. बस्स, एवढंच आहे. "विहीणबाई, महाराजांच्या टोपलीवरचं फडकं तुम्हीच उचला."

"खबरदार!" बाबा ओरडले. "मूषकाचा कोप होईल!"

"हू द्या की. मांजर हाय आमच्याकडं," मागून कुणीतरी म्हणालं.

रंगुबाईंनी मयूरीकडे पाहिलं, तिच्या सरकलेल्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि फडकं ओढलं. आत दीक्षेचा उंदीर आणि एक झाकणी होती, तिच्यात त्याने खाऊन उरलेली तपकिरी पूड. रंगुबाईंनी चिमूट घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली. चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला आणखी प्रयोगशाळा लागत नाही.

"गव्हाचा कोंडा," त्या म्हणाल्या. "वर दालचिनी आन गूळ. आरं मुडद्या, कोंडा आमी म्हशीला घालतो, आन तू माझ्या सुनंला घालाय सांगितलास?"

बाबा पुड्या गोळा करायलाही थांबले नाहीत. त्यांची मोटारसायकल उसाच्या कडेने धूळ उडवत गेली. गर्दीतले चारजण मागे धावले, बाकीचे घरी जायला निघाले. एकजण मात्र जाता जाता ओव्याचा भरडा थोडा मिळेल का, असं विचारून गेला. श्रद्धा अशी चटकन मरत नाही.

अंगण रिकामं झाल्यावर रंगुबाई पायरीवर बसल्या.

"मग माझी पिल्लं?" त्यांनी विचारलं. "ती कशानं गेली, खरं सांगा."

"आईच्या अंगात सत्त्व नव्हतं," मी म्हटलं. "दूध कशाचं होतं? तिने खाल्लं त्याचंच. साबुदाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वर आता हा ढोल नि धूर. भुकेली, घाबरलेली आई पिल्लू वाढवू शकत नाही. तो तिचा दोष नव्हे, आणि मयूरीचा तर नव्हेच नव्हे."

त्या म्हणाल्या, "म्हंजी मीच केलं."

"नकळत केलंत. आता कळतंपणी सुधारा. सुकट नको तर नको. सोयाबीन तुमच्याच रानातलं आहे, ते भाजून भरडा, कच्चं घालू नका. बरोबर जोंधळा, गहू, शेंगपेंड, थोडं खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी. यात महाग काय आहे?"

रंगुबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, सोयाबीन आणायला गेल्या. त्या ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात भाकरी, मटकीची उसळ, घट्ट वरण आणि दुधाचा पेला. पेजेची वाटी त्यांनी उचलून म्हशीच्या पाटीत ओतली आणि ताट मयूरीच्या पुढे ठेवलं.

"खा पोरी," त्या म्हणाल्या. "उंदरीण चुकली न्हवती गं. तिला उपाशी ठेवनारी चुकली."

मयूरीने पहिला घास घेतला. रडत होती, पण खात होती. मी तोंड फिरवून पिंजऱ्यांकडे बघत राहिले.

पुढच्या महिन्यात मयूरीचा फोन आला, तेव्हा मागून रंगुबाईंचाच आवाज मोठा होता. उंदरीण व्याली होती, पिल्लं अंगाला चिकटून दूध पीत होती, आणि सोयाबीन भाजायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नव्हत्या. मयूरीचंही वजन वाढलं होतं.

वाचकहो, देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात पडत नाही. पण चमत्कार दाखवून कुणी पोटुशीच्या पुढचं ताट काढून घ्यायला लागला, तर हात जोडू नका. त्याच हाताने त्याच्या टोपलीवरचं फडकं उचला.